घराच्या आतला वॉकथ्रू: प्रकाशाच्या हिशोबाची कोणती पद्धत घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: ब्लेंडर ४.२ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्यातला, प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारा रेंडरर) एका फ्लॅटचा ३० सेकंदांचा वॉकथ्रू (कॅमेरा घरभर फिरवणारं अॅनिमेशन) करायचा आहे. आकार १९२०×१०८०, सेकंदाला २५ फ्रेम, मशीनमध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. पहिले २४ सेकंद कॅमेरा हॉलमधून डायनिंगकडे सरकतो. शेवटचे ६ सेकंद तो थांबतो आणि एक बाई टेबलावर चहाचा ट्रे आणून ठेवते. एका फ्रेमला ९ मिनिटं लागतात. सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) कमी करून डिनॉइझर (चित्रातले कण, म्हणजे नॉइज, पुसणारं साधन) लावला, तर भिंतींवर आणि फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यांत डाग वळवळताना दिसतात. इव्हीवर (ब्लेंडरचा झटपट रेंडरर) जावं, प्रकाश बेक करावा (एकदाच मोजून पृष्ठभागावर चित्र म्हणून साठवावा), की सायकल्स ठेवून सेटिंग्ज बदलाव्यात?

सायकल्स ठेवा, पण पूर्ण ३० सेकंद एकाच पद्धतीने काढू नका. पहिल्या ६०० फ्रेममध्ये फक्त कॅमेरा हलतो, घरातला प्रकाश जागचा हलत नाही. तिथे भिंती आणि सीलिंग बेक करा. शेवटच्या १५० फ्रेममध्ये कॅमेरा स्थिर आणि माणूस हलता. तिथे पार्श्वभूमी एकदाच काढायची आणि बाईच्या आसपासचा भागच फ्रेमगणिक रेंडर करायचा. हे करण्याआधी सीनमधल्या तीन-चार गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील, कारण ९ मिनिटं हा आकडा बहुधा सॅम्पलमुळे आलेला नाही, प्रकाशाला खोलीत शिरायला वाट नीट नाही म्हणून आलेला आहे.

डाग का वळवळतात, हे आधी पाहू, कारण पद्धत त्यावरूनच ठरते. जेम्स कजिया यांनी १९८६ साली मांडलेल्या पाथ ट्रेसिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलमधून यादृच्छिक दिशांना किरण सोडून सरासरी काढली जाते. या सरासरीतली चूक सॅम्पलच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे नॉइज निम्मा करायचा तर सॅम्पल चौपट. ५१२ वर दिसणारा नॉइज निम्मा व्हायला २०४८ लागतात, पाव व्हायला ८१९२. म्हणून निव्वळ सॅम्पल वाढवत जाणं हा सगळ्यात महाग उपाय.

याउलट ग्रेग वॉर्ड यांनी १९८८ मध्ये आणलेल्या इर्रेडियन्स कॅशिंगसारख्या पद्धती मोजक्या बिंदूंवर अप्रत्यक्ष प्रकाश नीट मोजतात आणि मधल्या जागा अंदाजाने भरतात. स्थिर चित्रात हे गुळगुळीत आणि स्वस्त पडतं. पण बिंदू कॅमेऱ्यावरून निवडले जातात, त्यामुळे कॅमेरा हलला की पुढच्या फ्रेमला बिंदू दुसरे, अंदाज दुसरा. चूक छोटी असते, पण मोठ्या पट्ट्यावर पसरलेली असते, आणि सेकंदाला २५ वेळा बदलते. डिनॉइझरही याच जातीचा आहे: थोड्या सॅम्पलवरून बाकीचं ओळखायचं. ब्लेंडरमधला ओपन इमेज डिनॉइज प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साफ करतो, शेजारच्या फ्रेममध्ये काय ठरवलं होतं हे त्याला माहीत नसतं. बारीक कणांच्या नॉइजचं तो मोठ्या डागांत रूपांतर करतो. कण डोळा खपवून घेतो, डाग खपवून घेत नाही.

त्यामुळे अॅनिमेशनमध्ये अचूकतेपेक्षा सातत्य महत्त्वाचं. कोपरा प्रत्यक्षापेक्षा थोडा काळा आहे, पण ७५० फ्रेमभर तेवढाच काळा आहे, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच कोपरा सरासरीने अगदी बरोबर, पण फ्रेमगणिक एक टक्का इकडेतिकडे झाला, तर पडद्यावर पहिल्यांदा तोच दिसतो. पद्धत निवडताना विचारायचा प्रश्न हा: दोन फ्रेमच्या मध्ये काय बदलतं, आणि पद्धतीची चूक त्याबरोबर बदलते का?

आता वेळेचा हिशोब. ७५० फ्रेम × ९ मिनिटं म्हणजे साडेएकशेबारा तास, जवळपास पावणेपाच दिवस, तेही काही बिघडलं नाही तर. दोन रात्रींत, म्हणजे २४ तासांत, काम संपवायचं असेल तर फ्रेमला ११५ सेकंद मिळतात. त्यातला पाचवा हिस्सा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या फ्रेमसाठी बाजूला ठेवा. उरतात सुमारे ९० सेकंद. हा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून घ्या.

सेटिंग्जना हात लावण्याआधी नॉइज नेमका कुठून येतो ते शोधा. व्ह्यू लेअरच्या पासेसमध्ये (पास म्हणजे चित्राचा एकेक वेगळा थर) डिफ्यूज (मॅट पृष्ठभागांचा प्रकाश), ग्लॉसी (चमकेचा) आणि ट्रान्समिशन (काचेतून जाणारा) या तिन्हींचे डायरेक्ट (थेट दिव्याचा) आणि इनडायरेक्ट (उसळून येणारा) वेगवेगळे चालू करा, शिवाय डीबग सॅम्पल काउंट (कुठे किती सॅम्पल लागले ते दाखवणारा पास). डिनॉइझर बंद ठेवून १२८ सॅम्पलवर एकच फ्रेम काढा. डिफ्यूज डायरेक्टमध्ये कण दिसले तर दोष दिव्यांच्या मांडणीत आहे. डिफ्यूज इनडायरेक्टमध्ये दिसले तर खोलीचा उजेड बाउन्सवर (एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर प्रकाश उसळण्यावर) फार अवलंबून आहे. ग्लॉसी इनडायरेक्टमध्ये एकेकटे पांढरे ठिपके दिसले तर नळ, हँडल किंवा आरसा छोट्या तेजस्वी दिव्याचं प्रतिबिंब भिंतीवर फेकतो आहे. अशा घरात बहुतेक वेळा पहिल्या दोन्ही पासमध्ये घाण असते.

सगळ्यात मोठा गुन्हेगार खिडकीची काच. सायकल्स प्रत्येक आघातबिंदूपासून थेट दिव्याकडे सावलीचा किरण सोडतो. मध्ये खऱ्या काचेचं मटेरियल आलं की हा किरण अडतो, आणि बाहेरचा प्रकाश आत येण्याचा एकच मार्ग उरतो: योगायोगाने काचेतून वळून सूर्याला लागणारा किरण. त्याचं नाव कॉस्टिक्स, आणि पाथ ट्रेसिंगला ते काम सगळ्यात अवघड जातं. उपाय दोन मिनिटांचा आहे. काचेच्या मटेरियलमध्ये लाइट पाथ नोड घ्या, त्याच्या 'इज शॅडो रे' आउटपुटवरून काच आणि ट्रान्सपरंट यांचं मिश्रण करा. सावलीच्या किरणाला काच नसल्यासारखी दिसेल, कॅमेऱ्याला दिसेल तशीच. खिडकीची काच कॅमेऱ्यात ठळक नसेल तर ती सरळ काढून टाका. जाळीचे पडदे असतील तर तेही तपासा. अल्फा टेक्स्चरने (चित्राचा काही भाग पारदर्शक ठेवून) केलेला पडदा, त्यामागे दुसरा, त्यामागे झाडाची पानं, असं झालं की डिफॉल्टचे ८ ट्रान्सपरंट बाउन्स संपतात आणि मागचं काळं दिसतं. मग लोक ते ३२ वर नेतात आणि वेळ फुगतो. पानं अल्फा कार्डाऐवजी खऱ्या मेशची (पानाच्याच आकाराच्या भूमितीची) केली तर बहुधा लवकर होतात.

दुसरी गोष्ट एचडीआरआय, म्हणजे सीनला आकाशाचा उजेड देणारं चौफेर छायाचित्र. त्यातला सूर्य म्हणजे चार-दोन पिक्सेल, पण तेज बाकी आकाशाच्या हजारो पट. खोलीच्या आतून त्याला शोधणं कठीण. एचडीआरआयमधला सूर्य पुसून टाका आणि त्याच दिशेला सन लाइट ठेवा. डिफॉल्ट कोन ०.५२६ अंश आहे, खऱ्या सूर्याच्या दिसणाऱ्या व्यासाएवढाच. कडा थोडी मऊ चालत असेल तर १ ते २ अंश करा. आकाशाच्या उजेडासाठी प्रत्येक खिडकीच्या आकाराचा एरिया लाइट ठेवून, तोंड आत करून, त्याचं पोर्टल चालू करा. पोर्टल स्वतः प्रकाश देत नाही, आकाश कुठल्या भोकातून येतं एवढंच रेंडररला सांगतो. याहून स्वस्त हवं असेल तर खिडकीत साधा एरिया लाइट लावा, कॅमेऱ्यापासून लपवा आणि आकाश फक्त बाहेरच्या दृश्यापुरतं ठेवा. माझं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकतं. आकाशाची छटा थोडी हरवते, पण उजेडावर ताबा राहतो आणि नॉइज लगेच खाली येतो.

तिसरी गोष्ट फॉल्स सीलिंग. कोव्हमधली (सीलिंगच्या कडेच्या खाचेतली) एलईडी पट्टी म्हणून लोक शेकडो चौकटींची एमिशन मेश (स्वतः प्रकाश सोडणारी) ठेवतात, तीही पीओपीच्या कठड्यामागे लपलेली. तिच्या जागी लांबट एरिया लाइट ठेवा, एका बाजूला एक पुरतो. छतात ३० डाउनलाइट असतील तर लाइट ट्री चालू आहे ना ते बघा. ब्लेंडर ३.५ पासून ही सोय आहे: कुठल्या बिंदूला कुठला दिवा महत्त्वाचा, हे अंतर आणि तेज पाहून ठरतं. डाउनलाइटची काच किंवा डिफ्यूझर मॉडेलमध्ये असेल तर दिवा तिच्या खाली आणा, आत कोंडू नका. दिव्याची त्रिज्या २–३ मिलिमीटर ठेवली असेल तर २५–३० मिलिमीटर करा. सावलीची कड मऊ होईल आणि चकचकीत वस्तूंवरचे ठिपके कमी होतील.

चौथी गोष्ट रंग. भिंतीला शुद्ध पांढरा, म्हणजे १.०, दिला की प्रकाश कधी मरतच नाही. जास्तीत जास्त ०.८ ठेवा, खरा पांढरा रंगही साधारण याच आसपास परावर्तन करतो. ०.८ च्या भिंतीवर चार बाउन्सनंतरही ४१ टक्के ऊर्जा शिल्लक असते, आठनंतर १७ टक्के. ०.५ च्या भिंतीवर मात्र चारनंतर जेमतेम ६ टक्के. म्हणून पांढऱ्या फ्लॅटमध्ये डिफ्यूज बाउन्स ४ वरून २ वर आणले की खोली लगेच मळकट दिसते, आणि गडद लाकडाच्या खोलीत कुणाला फरकही कळत नाही. बाउन्स किती ठेवायचे याचा एकच नियम सगळ्या सीनना लावू नका.

आता सेटिंग्ज. बाउन्सची मर्यादा: टोटल १२ असू द्या, डिफ्यूज ४, ग्लॉसी ३, ट्रान्समिशन सीनमध्ये जितक्या काचा एकामागे एक येतात त्याच्या दुप्पट, कारण एका तावदानाला दोन पृष्ठभाग. व्हॉल्यूम ० ठेवा. हवेतली धूळ किंवा धुकं हवं असेल तर मिस्ट पास (अंतराप्रमाणे धूसरपणा दाखवणारा थर) घेऊन कंपोझिटिंगमध्ये (रेंडरनंतर थर जोडताना) करा. खोलीभर व्हॉल्यूमचा डबा ठेवणं म्हणजे ९० सेकंदांच्या बजेटवर पाणी सोडणं. कॉस्टिक्सचे दोन्ही पर्याय बंद. क्लॅम्प इनडायरेक्ट (अप्रत्यक्ष प्रकाशाच्या तेजाची कमाल मर्यादा) डिफॉल्ट १० आहे, ते ४–५ वर आणा. याहून खाली गेलात तर कोव्हचा प्रकाश फिका पडायला लागतो. फिल्टर ग्लॉसी (चमकेचे ठिपके मऊ करणारं सेटिंग) १ पुरे. पाथ गायडिंगबद्दल (किरण उजेडाच्या दिशेला वळवण्याची सोय) वाचलं असेल तर इथे त्याचा उपयोग नाही, ते सीपीयूवरच चालतं.

फास्ट जीआय अॅप्रॉक्सिमेशन (अप्रत्यक्ष प्रकाशाचा झटपट अंदाज) हा पर्याय वाईट नाही, पण घराच्या आत तो सरळ चालू केला की फसतो. ठरावीक बाउन्सनंतर तो खरा प्रकाश मोजणं सोडून अँबियंट ऑक्लूजन (आसपास किती अडथळा आहे त्यावरून उजेडाचा अंदाज) लावतो. अंतर डिफॉल्ट १० मीटर. खोली ४ मीटरची, म्हणजे प्रत्येक किरण कुठल्या ना कुठल्या भिंतीवर आदळणार आणि उत्तर काळं येणार. अंतर दीड ते दोन मीटर करा, बाउन्स २ ठेवा, पद्धत रिप्लेस. शिवाय त्याला रंग वर्ल्डमधून (सीनभोवतीच्या आकाशातून) येतो. आकाश निळं असेल तर कपाटाखालची सावली निळसर होईल, म्हणून वर्ल्डचा रंग तपासा. हे चित्र खोटं असतं, पण स्थिर असतं.

बेकिंग कसं करायचं, ते नीट सांगतो, कारण इथेच खरा वेळ वाचतो. भिंती, सीलिंग, कोव्ह आणि मोठं स्थिर फर्निचर निवडा. फरशी सोडा. व्हिट्रिफाइड टाइल चमकते, आणि चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते, ती बेक होत नाही. प्रत्येक वस्तूला दुसरा यूव्ही लेअर (पृष्ठभाग उलगडून सपाट मांडलेला नकाशा) द्या, त्यात एकही तुकडा दुसऱ्यावर चढता कामा नये. ४ मीटरच्या भिंतीला १०२४ पिक्सेल दिले तर एक पिक्सेल साधारण ४ मिलिमीटरचा होतो. अप्रत्यक्ष प्रकाशाला एवढं भरपूर, उन्हाचा धारदार कवडसा पडत असेल त्या भिंतीला २०४८ द्या. इमेज ३२ बिट फ्लोट, रंग लिनिअर, फाइल ओपनईएक्सआर. चार चॅनेलची ४०९६ ची एक फ्लोट इमेज २५६ एमबी खाते, हे १२ जीबीच्या कार्डावर लक्षात ठेवा.

बेकचा प्रकार डिफ्यूज, त्यात डायरेक्ट आणि इनडायरेक्ट चालू, कलर बंद. कलर बंद ठेवल्याने नुसता प्रकाश साठतो, मटेरियलचं टेक्स्चर नंतर त्याला गुणता येतं आणि वॉलपेपरची नक्षी लाइटमॅपच्या (बेक केलेल्या प्रकाशाच्या चित्राच्या) पिक्सेलमध्ये अडकत नाही. सॅम्पल १०२४ किंवा जास्त. हे काम एकदाच करायचं आहे, कंजुषी नको. मार्जिन १६ पिक्सेल, नाहीतर यूव्हीच्या शिवणीवर काळ्या रेघा येतात. उरलेला बारीक नॉइज कंपोझिटरच्या डिनॉइज नोडमधून एकदा साफ करा. इथे डिनॉइझरची चूकही भिंतीला कायमची चिकटते, वळवळत नाही.

मग भिंतीचं मटेरियल बदला: मूळ रंग × लाइटमॅप, हे एमिशनला, ताकद १. आता भिंत प्रकाश घेत नाही, जेवढा प्रकाश तिच्यावरून परत आला असता तेवढाच सोडते. सोफ्यावरून निघालेला किरण भिंतीला लागला की तिथेच पूर्ण उत्तर मिळतं आणि किरण संपतो. बाकी खोलीला डिफ्यूज बाउन्स १–२ पुरतात. इथे हमखास चूक होते ती अशी: एमिशन दिसलं की सायकल्स त्या भिंतीच्या प्रत्येक त्रिकोणाला दिवा समजून सॅम्पल करायला लागतो आणि वेळ उलट वाढतो. मटेरियलच्या सेटिंग्जमध्ये एमिशन सॅम्पलिंग 'नन' करा. दुसरी चूक म्हणजे बेकनंतर दिवा हलवणं, कपाट सरकवणं किंवा क्लायंटच्या सांगण्यावरून भिंतीचा रंग बदलणं. भिंतीचा रंग गुणाकारात बदलता येतो, पण तिने शेजारच्या भिंतीवर टाकलेली झाक जुनीच राहते. म्हणून रंग आणि मांडणी मंजूर झाल्याशिवाय बेक करू नका. मंजुरी लांबत असेल तर बेकिंगचा विचारच सोडा आणि वर सांगितलेल्या दुरुस्त्यांवर भागवा.

पृष्ठभाग एकमेकांत घुसले असतील, उदाहरणार्थ स्कर्टिंग भिंतीत २ सेंटिमीटर आत गेलं असेल, तर लपलेल्या भागाचे काळे पिक्सेल कडेने बाहेर डोकावतात. भिंती जाडी नसलेल्या एकेरी प्लेनच्या असतील तर बाहेरचं ऊन कोपऱ्यातून आत गळतं. दोन्ही गोष्टी बेक करण्याआधी साध्या राखाडी मटेरियलवर तपासल्या की दिसतात.

सॅम्पलिंगचं आता. नॉइज थ्रेशोल्ड (किती नॉइज उरला की थांबायचं) डिफॉल्ट ०.०१ आणि मॅक्स सॅम्पल ४०९६, हे स्थिर चित्रासाठी आहे. वॉकथ्रूला ०.०३ ते ०.०४ आणि मॅक्स ६०० पासून सुरुवात करा. मिन सॅम्पल शून्य, म्हणजे ऑटोमॅटिक, ठेवू नका, ६४ ते ९६ द्या. अॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंगला (नॉइज पाहून पिक्सेलगणिक सॅम्पल थांबवणारी सोय) अंधाऱ्या कोपऱ्यात सुरुवातीचे काही किरण योगायोगाने सारखे मिळाले की तो 'झालं' म्हणून थांबतो. पुढच्या फ्रेमला तोच कोपरा उजळतो. तुमच्या सीलिंगच्या कोपऱ्यांत हेच होत असावं. सॅम्पल काउंटच्या पासमध्ये नेमक्या त्या जागा काळ्या दिसल्या तर शंका नको.

डिनॉइझरला अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) दोन्ही द्या, प्रीफिल्टर अॅक्युरेट. याहून बरं म्हणजे पूर्ण चित्र साफ न करता डिफ्यूज आणि ग्लॉसीचे इनडायरेक्ट पास वेगळे साफ करणं. डिफ्यूजचं गणित सोपं आहे: डायरेक्ट अधिक इनडायरेक्ट, गुणिले डिफ्यूज कलर. तसंच ग्लॉसी आणि ट्रान्समिशनचं, मग सगळ्यांची बेरीज, वर एमिशन आणि एन्व्हायर्नमेंट. कलर पास डिनॉइझरमधून जातच नाही, म्हणून लाकडाच्या रेषा आणि पडद्याची वीण पुसली जात नाही. फाइल मोठी होते, मल्टिलेअर ईएक्सआर हाफ फ्लोटमध्ये ठेवा.

सीडचं (यादृच्छिक किरणांचा नमुना ठरवणारा आकडा) बटण लोक विसरतात. सीड सगळ्या फ्रेमना एकच असेल तर नॉइजचा नमुना पडद्याला चिकटतो आणि हलत्या दृश्यावर तो काचेवर बसलेल्या धुळीसारखा दिसतो. कॅमेरा हलतो तिथे सीडशेजारचं घड्याळ दाबून फ्रेमगणिक बदलता ठेवा. कॅमेरा स्थिर असलेल्या शेवटच्या भागात उलट करा: सीड एकच ठेवला की न हलणाऱ्या जागी उरलेला डागही हलत नाही.

शेजारच्या फ्रेमची माहिती वापरणारा डिनॉइझर हवा असेल तर ऑप्टिक्सचा (एनव्हिडियाचा डिनॉइझर) टेम्पोरल प्रकार ब्लेंडर ३.१ पासून आहे, पण बटण नाही, पायथनची आज्ञा द्यावी लागते. त्याला व्हेक्टर पास (प्रत्येक पिक्सेल किती सरकला ते सांगणारा) लागतो, आणि मोशन ब्लर चालू असेल तर व्हेक्टर पास मिळत नाही. शिवाय व्हेक्टर आरशाच्या पृष्ठभागाची हालचाल सांगतो, आरशातल्या प्रतिबिंबाची नाही, म्हणून आरसे आणि चमकत्या फरशीवर भुतं दिसतात. तुमच्या घरात टाइल आहे, मी या वाटेला जाणार नाही.

शेवटचे ६ सेकंद. बाई नसलेली रिकामी फ्रेम एकदाच, पूर्ण गुणवत्तेने काढा. त्या एका फ्रेमला २० मिनिटं लागली तरी चालतील. मग बाई सीनमध्ये आणा आणि कंट्रोल-बीने ती जिथे जिथे फिरते तेवढा चौकोन आखून १५० फ्रेम काढा. शॅडो कॅचरपेक्षा (फक्त सावली पकडणारा पृष्ठभाग) हे बरं, कारण फरशीतलं प्रतिबिंब, साडीचा रंग टेबलावर उतरणं, सगळं आपोआप येतं. चौकोन किती मोठा घ्यायचा? बाईसह एक पूर्ण फ्रेम काढा, रिकाम्या फ्रेमशी कंपोझिटरमध्ये डिफरन्स लावा आणि १० ने गुणून बघा. जिथवर फरक दिसतो तिथवर चौकोन, पुढे २५–३० पिक्सेलची मऊ कड. या भागात फरशी आणि टेबलामागची भिंत बेक केलेली नको. बेक केलेल्या पृष्ठभागावर बाईची सावली पडतच नाही आणि ती हवेत तरंगल्यासारखी दिसते. रिकामी फ्रेमही याच मटेरियलवर काढा, नाहीतर चौकोनाची कड उजेडात वेगळी दिसेल. सहाशेव्या फ्रेमवरून सहाशेएकाव्यावर जाताना उडी दिसते का, हे दोन्ही पद्धतींनी ती फ्रेम काढून आधीच पाहा. किंचित उडी असेल तर ८–१० फ्रेमचा क्रॉसफेड लावा.

इव्हीबद्दल. ४.२ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं, किरण सोडण्याची सोय आली, पण हे किरण पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींपुरतेच धावतात. कॅमेरा वळून सोफा चौकटीबाहेर गेला की फरशीतलं त्याचं प्रतिबिंब विरून जातं आणि जागा लाइट प्रोब (ठरावीक बिंदूंवरचा प्रकाश साठवून ठेवणारी सोय) भरून काढतो. कोव्हमधून येणारा, दोन-तीन बाउन्सवर जगणारा उजेड प्रोबच्या जाळीवर अवलंबून राहतो, आणि प्रोबचा बिंदू भिंतीत अडकला की प्रकाश पलीकडे गळतो. मोकळ्या उन्हातलं दृश्य, कार्टून शैली, काळ्या पार्श्वभूमीवर फिरणारं उत्पादन, अशा कामांना इव्ही उत्तम. तुमच्या कामात त्याचा उपयोग कॅमेऱ्याचा वेग आणि बाईची हालचाल मंजूर करून घेण्यापुरता, आणि तेवढ्यासाठी मात्र जरूर वापरा.

व्ही-रेवर (दुसरा एक रेंडरर) काम करणाऱ्यांसाठी हाच विचार वेगळ्या नावांनी आहे. फक्त कॅमेरा हलत असेल तर इर्रेडियन्स मॅप 'मल्टिफ्रेम इन्क्रिमेंटल'वर ठेवून दर दहाव्या फ्रेमला आधी गोळा करायचा, फाइलमध्ये साठवायचा आणि रेंडर त्या फाइलवरून करायचा. लाइट कॅश 'फ्लाय-थ्रू'वर. वस्तू हलत असतील तर प्राथमिक पद्धत ब्रूट फोर्स (काही न साठवता थेट मोजणं), सोबत लाइट कॅश फ्रेमगणिक, सबडिव्हिजन ३००० आणि रिट्रेस ८. जुनी इर्रेडियन्स फाइल वस्तू हलल्यावरही वापरली की भुताची सावली मागे राहते, ही या पद्धतीची नेहमीची खोड. मोठ्या स्टुडिओंनी कॅशिंग सोडून पाथ ट्रेसिंग धरलं (पिक्सारच्या रेंडरमॅन या रेंडररमध्ये ते २०१४ ला आलं), त्यामागे चित्राचा दर्जा हे एक कारण, पण कॅशच्या फाइली सांभाळण्यात जाणारा कलाकारांचा वेळ हे तितकंच मोठं. एकट्या माणसाकडे एकच कार्ड असेल तर हिशोब उलटतो, म्हणून मी इथे बेकिंग सुचवतो आहे.

रेंडर लावण्याआधी परसिस्टंट डेटा चालू करा. प्रत्येक फ्रेमला टेक्स्चर आणि बीव्हीएच (किरण कुठे आदळतो ते पटकन शोधण्याची रचना) पुन्हा चढवण्याचा वेळ वाचतो, तुमच्या ९ मिनिटांत तो किती आहे ते स्टेटसच्या ओळीत दिसेल. त्याबदल्यात मेमरी अडकून राहते. सोफ्याला ८ के टेक्स्चर असेल तर २ के करा. तरीही ९० सेकंदांत बसत नसेल तर १२८०×७२० ला काढून मोठं करणं हा शेवटचा उपाय. पिक्सेल सव्वादोन पटीने कमी होतात, पण पडद्याची वीण आणि जाळीच्या रेषा भुरकट होतात.

आउटपुट कधीही थेट एमपी४ देऊ नका, फ्रेमची मालिकाच काढा. ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर चालू. आधी स्टेप १० (दर दहावी फ्रेम) ठेवून ७५ फ्रेम काढा, दीड मिनिटाच्या हिशोबाने दोन तासांच्या आत होतात. चूक असेल ती तिथेच दिसेल, आणि नंतर स्टेप १ केल्यावर या फ्रेम पुन्हा निघत नाहीत. पण वळवळ या ७५ मध्ये दिसणार नाही. तिच्यासाठी कोव्हचा कोपरा दिसतो अशा सलग २५ फ्रेम वेगळ्या काढून मूळ वेगात लूपवर बघा. एकेक फ्रेम थांबवून बघण्यात अर्थ नाही. रात्री वीज गेली तर सुरू असलेल्या फ्रेमची शून्य बाइटची फाइल मागे राहते. ब्लेंडर तिला झालेली फ्रेम समजून पुढे जातो, म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी शून्य आकाराच्या फाइली शोधून काढून टाका.

एक गोष्ट शेवटच्या एनकोडिंगच्या वेळी लक्षात येते: भिंती फार स्वच्छ झाल्या की ८ बिटच्या व्हिडिओत उजेडाच्या उतारावर पट्टे दिसतात. आउटपुटचा डिदर (पट्टे मोडणारे बारीक कण) १ ठेवा, आणि कंपोझिटिंगमध्ये अगदी हलका, फ्रेमगणिक बदलणारा ग्रेन घाला. डिनॉइझरचे उरलेसुरले मऊ डागही त्याखाली झाकले जातात. ग्रेन जास्त झाला तर मात्र एच.२६४ त्याचे चौकोन करतो, म्हणून बिटरेट थोडा वाढवून १० सेकंदांचा तुकडा आधी एनकोड करून पाहा.